घरगुती गॅस आणि त्याचा रेग्युलेटर

बिदर व कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमाभागात, भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद येथील आमच्या सभासद बंधूंच्या पेढ्यांवर तराजू व वजने यांची पडताळणी ठरल्या मुदतीस होते. मोहोर नसलेले वजन तुरीच्या राशीशेजारी ठेवण्याची कोणाची छाती होणार नाही. परंतु तोच गृहस्थ घरी परतला, की आपल्या स्वयंपाकघरातील रेग्युलेटर किती वर्षांचा आहे, हे त्यास सांगता येत नाही. आम्हीही त्यांपैकीच होतो, हे आधी कबूल करतो.

सिलिंडरात १४.२ किलो गॅस, म्हणजे मुख्यतः ब्युटेन व प्रोपेन, दाबाखाली द्रवरूपाने असतो. आपल्याकडे वैशाखात पारा ४० अंशांपलीकडे जातो, तेव्हा आतील दाब हवेच्या दाबाच्या कितीतरी पट होतो. शेगडीस तो सोसणारा नव्हे. रेग्युलेटरातील रबरी पडदा व स्प्रिंग मिळून तो चौरस सेंटिमीटरास सुमारे ३० ग्रॅम इतका खाली आणतात व तेथेच राखतात. रेग्युलेटरच्या अंगावर एक बारीक छिद्र असते. पडदा वरखाली होताना हवा तेथून येते-जाते. ते तेलकट काजळीने बुजू देऊ नये. त्यातूनच गॅसचा वास येऊ लागला, तर पडदा फाटला असे समजावे. असा रेग्युलेटर घरी उघडू नये व गल्लीतल्या कारागिराकडेही देऊ नये. वितरकाकडून बदलून घ्यावा.

दोन वर्षांपूर्वी आमच्याच घरी नवा सिलिंडर बसवताना रेग्युलेटर 'खट्' आवाज न होताच बसला. व्हॉल्व्हच्या तोंडातील रबरी कडे चिरलेले होते. पहाटे पाणी तापवण्यास उठलेल्या आमच्या वहिनींना उग्र वास आला. चिरंजीव पंख्याच्या बटणाकडे धावले, तोच मातोश्री ओरडल्या, "बटणाला हात लावू नकोस!" दारे सताड उघडली, रेग्युलेटर काढून व्हॉल्व्हवर दोरीला बांधलेली टोपी घट्ट बसवली, आणि मग सारे अंगणात येऊन उभे राहिलो. बटणातील एवढीशी ठिणगीही त्या वेळी पुरेशी झाली असती.

हा गॅस हवेपेक्षा जड; जमिनीलगत साचतो. माळवदाच्या जुन्या घरांत छतालगतच्या झरोक्यावर विसंबणारांनी हे ध्यानी धरावे: वाट खालून, दारातून हवी. गळती शोधण्यास साबणाचे पाणी लावावे, काडी कधीही नव्हे. रबरी नळी पाच वर्षांनी, आणि भेग दिसल्यास तत्काळ, बदलावी. सिलिंडर उभा व शेगडीच्या पातळीखाली असावा. दिवेलागणीपूर्वीच जेवणे आटोपणाऱ्या आपल्या घरांत रात्रभर रेग्युलेटर चालू ठेवण्याचे कारणच नाही. तरी किती ठिकाणी तो चालूच आढळतो!

आणखी एक अडचण खास आपल्या भागाची. लातूर, उदगीर, सोलापुरकडून आलेल्या आपल्या अनेक सुनांना कानडी वाचता येत नाही, आणि गॅसबरोबर आलेला सूचनांचा कागद पुष्कळदा कानडीत असतो. घरातील जाणत्याने त्या सूचना मराठीत लिहून ओट्याजवळच्या भिंतीवर लावाव्यात. गळतीच्या तक्रारीसाठी अहोरात्र चालणारा १९०६ हा क्रमांक त्यांत सर्वांत वर, ठळक अक्षरांत असावा. दूरध्वनी मात्र अंगणात जाऊन करावा.