‘बेवड्या’ म्हणणं कधी सोडणार?

वाढवणच्या किनाऱ्यावर संध्याकाळी तुमचा ग्रुप बसलाय. भजी, गाणी, सेल्फी, सगळं जोरात. तेवढ्यात तो येतो. काही महिने गायब होता. व्यसनमुक्ती केंद्रात होता हे सगळ्यांना माहितीये. तो हळूच म्हणतो, “सोडली रे मी.” लगेच कोणीतरी टोला हाणतं, “किती दिवस, बेवड्या?” सगळे हसतात. तोही हसतो. पण आत त्याचं काय होतं, कधी विचार केलाय?

बायबलमधली उधळ्या पुत्राची गोष्ट तुम्ही कुठेतरी ऐकली असेल. लूकच्या शुभवर्तमानात 15व्या अध्यायात ती आहे. धाकटा मुलगा वाटणी घेऊन जातो, सगळं उडवतो, शेवटी डुकरं राखायची वेळ येते. तेव्हा तो घराकडे वळतो. बाप त्याला लांबूनच बघतो आणि धावत जाऊन मिठी मारतो. मुलाची माफी पुरती बोलून होण्याआधीच त्याच्यासाठी नवा झगा मागवतो. ख्रिस्ती दया म्हणतात ती ही. पण गोष्टीत थोरला भाऊही आहे. तो फुगून बाहेरच उभा राहतो. ‘मी इथे राबलो आणि मेजवानी याला?’ खरं सांगा, किनाऱ्यावर आपण कोण असतो? बाप की थोरला भाऊ?

हीच दया प्रत्यक्षात कशी दिसते, ते आपल्या पालघर जिल्ह्यातच बघता येतं. फादर जो परेरा हे मुंबईचे कॅथलिक धर्मगुरू. ते स्वतः दारूच्या विळख्यात सापडले होते आणि ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’च्या मदतीने बाहेर आले. 1981 मध्ये वांद्र्यात त्यांनी ‘कृपा फाउंडेशन’ सुरू केलं. आपल्या वसईतही संस्थेचं केंद्र आहे. फादर हे बी. के. एस. अय्यंगार यांचे शिष्य. त्यामुळे इथे बारा पायऱ्यांच्या कार्यक्रमाला योगाची जोड मिळाली. 2009 मध्ये त्यांना ‘पद्मश्री’ मिळाली. एकदा घसरलेला माणूस दुसऱ्यांचा हात धरू शकतो, याचा यापेक्षा मोठा पुरावा कोणता हवा?

1935 मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’मध्ये यायला एकच अट आहे: दारू सोडायची इच्छा. जात, धर्म, मागचा रेकॉर्ड कोणी विचारत नाही. आणि तिथे आयुष्यभराची शपथ मागत नाहीत. फक्त आजचा दिवस प्यायची नाही, एवढंच. उद्याचं उद्या.

पण दया म्हणजे लाड नव्हेत. त्याची उधारी तुम्ही फेडली, घरच्यांना त्याच्या वतीने थापा मारल्या, तर तुम्ही त्याच्या आजाराला खतपाणी घालताय. हो, आजारच. जागतिक आरोग्य संघटना दारूच्या व्यसनाला आजारांच्या यादीत धरते. आजार म्हटला की तो उलटूही शकतो. मित्र पुन्हा घसरला तर ‘बघ, म्हटलं नव्हतं?’ म्हणू नका. केंद्रात परत जायला सोबत करा.

मग करायचं काय? पुढच्या वेळी भेटायची जागा बदला, जिथे बाटली नसेल अशी. क्रिकेटच्या टीममध्ये त्याचं नाव घाला. हातात रोख पैसे देण्यापेक्षा जेवायला घरी न्या. जुनं टोपणनाव विसरा. कोणाला मदत हवी असेल तर 14446 ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय टोल-फ्री हेल्पलाइन आहे, नंबर सेव्ह करून ठेवा.

आणि हो, त्या गोष्टीत थोरला भाऊ शेवटी घरात गेला की नाही, हे सांगितलेलंच नाही. बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो आणि गोष्ट तिथेच थांबते. तुमचा मित्र परत आलाय. आता आत यायचं की बाहेर उभं राहायचं, हे तुम्ही ठरवायचंय.