गेम बसतो कुठे?

 पालीहून एका वाचकाचा आलेला प्रश्न थांबवून ठेवण्यासारखा नाही.

हे वाचक सुधागडातल्या लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देतात. दिवसभर सातबारा, उत्पन्नाचे दाखले, शिष्यवृत्त्या. संध्याकाळी त्याच मशीनवर मुलगा गेम खेळतो. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला, जुनं मशीन विंडोज 11 घेईना, म्हणून त्यांनी लिनक्स मिंट टाकलं. बाकीचे गेम छान चालतात, व्हॅलोरंट तेवढा अडला. काही जुगाड आहे का?

नाही, आणि शोधूही नका. विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं वाइन, गेमने विंडोजकडे मागितलेली फाइल, चित्र, आवाज लिनक्सकडून आणून देतं. व्हॅलोरंटमध्ये चीट पकडणाऱ्या व्हॅनगार्डला मात्र एवढ्याने भागत नाही. त्याला थेट विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, आपला ड्रायव्हर बसवायचा असतो, तोही मशीन सुरू होतानाच. लिनक्सवर तो कर्नलच नाही, तर बसणार कुठे?

चीट पकडायला एवढं खोल जावं लागतं, हे कंपन्यांचं म्हणणं खोटं नाही. चीट्सही कर्नलपर्यंत पोचतात आणि मग बाहेरून सापडत नाहीत. पण त्या जागेवरून मशीनमधलं सगळं दिसतं आणि बदलताही येतं. 2016 मध्ये स्ट्रीट फायटर 5 च्या एका अपडेटबरोबर आलेल्या ड्रायव्हरने कुठल्याही प्रोग्रॅमला कर्नलचं दार उघडून दिलं; गेमच्या कंपनीला, कॅपकॉमला, तो मागे घ्यावा लागला. 2022 मध्ये तर रॅन्समवेअरवाल्यांनी गेन्शिन इम्पॅक्टचा अँटी-चीट ड्रायव्हर स्वतःबरोबर नेऊन अँटीव्हायरस बंद पाडले. त्यासाठी मशीनवर तो गेम असण्याचीही गरज नव्हती.

मशीन सुरू होतानाच आत शिरण्याची ही युक्ती जुनी आहे; फ्लॉपीच्या काळातल्यांना ‘जोशी’ आठवेल. 1990 च्या जूनमध्ये भारतात सापडलेला हा बूट सेक्टरचा व्हायरस. लागण झालेली फ्लॉपी ड्राइव्हमध्ये विसरून मशीन सुरू केलं की डॉसच्या आधी हा आत. 5 जानेवारीला मशीन अडवून ‘हॅपी बर्थडे जोशी’ टाइप करायला लावायचा. कोण आधी सुरू होतं, याला तेव्हापासून महत्त्व आहे.

मात्र लिनक्स टाकलं म्हणजे सुटलो, असं पालीकरांनी समजू नये. वाइनची सेटिंग्ज उघडून ड्राइव्ह्जच्या टॅबवर जा. तिथे झेड ड्राइव्हपुढे नुसती एक तिरकी रेघ दिसेल. त्या रेघेचा अर्थ अख्खी डिस्क. तुमच्या यूजरला जी फाइल उघडता येते, ती वाइनमधल्या गेमलाही येते. पेनड्राइव्हवरून आलेल्या क्रॅक गेममध्ये रॅन्समवेअर असेल, तर लोकांच्या आधारच्या स्कॅन कॉपी लिनक्सवरही कुलूपबंद होतील. झेड काढलात तरी ती पक्की भिंत नव्हे. वाइन त्यासाठी बनलेलंच नाही.

म्हणून मुलाला वेगळा यूजर काढून द्या, अ‍ॅडमिनचे अधिकार न देता. मग कामाच्या यूजरच्या होम फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये परमिशन्स उघडा आणि ग्रुप व इतर, दोघांचाही प्रवेश बंद करा. गेम मुलाच्याच लॉगिनमध्ये इन्स्टॉल करा, क्रॅक केलेला एकही ठेवू नका. अर्जांचा बॅकअप वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्या आणि काम झालं की तिची केबल काढून ठेवा.