हलगी आणि माइकमधलं अंतर

कोल्हापुरात कुस्तीचं मैदान असो की शिवजयंतीची मिरवणूक, हलगी वाजल्याशिवाय रंग भरत नाही. पण एकट्या हलगीचं रेकॉर्डिंग ऐका. बहुतेक ठिकाणी काडीची टकटक तेवढी ऐकू येते, कातड्याचा नाद कुठल्या कुठे गेलेला असतो. खापर फुटतं स्वस्त माइकवर. माझ्या मते चुकतं ते माइकचं अंतर.

फूटभर व्यासाचं कडं, त्यावर ताणलेलं कातडं, मागची बाजू उघडी, एवढीच हलगी. एका हातातलं जाड टिपरू कातड्यात घुमारा भरतं, दुसऱ्या हातातली बारीक लवचीक काडी कडेला कडकडते. माइक कडेसमोर चार बोटांवर धरला तर कड जवळ आणि मध्य जवळजवळ दुप्पट लांब पडतो, म्हणून काडी टिपरूला झाकून टाकते. तोच माइक दीड मीटर मागे घेतला की दोन्ही अंतरं सारखीच होतात आणि वादकाने हातांत राखलेला तोल जसाच्या तसा उतरतो. मात्र माइक बाजूला, कड्याच्या रेषेत ठेवू नये. कातडं पुढची हवा ढकलतं त्याच क्षणी मागची ओढतं, आणि या रेषेत दोन्ही लाटा एकमेकींना मारतात, त्यात खर्ज जातो. घुमारा वाढवायचाच तर दुसरा माइक खालून उघड्या पाठीकडे रोखावा, त्याचा फेज उलटावा आणि तो पुढच्यात बेताने मिसळावा.

अंतराने तोल साधण्याची ही विद्या कोल्हापूरला नवी नाही. ‘प्रभात’ने १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ इथेच बोलता केला, तेव्हा पार्श्वगायन नव्हतं. नट गात आणि साथ चित्रीकरणाबरोबरच मुद्रित होई. कोण माइकपासून किती लांब, यावरच बरंचसं ठरे.

यावर आक्षेप येतो की माइक लांब नेला तर खोलीचाच आवाज भरतो. आक्षेप खरा आहे, पण तो खोलीवरचा आहे. बुटक्या छताच्या छोट्या स्टुडिओत भिंतींवरून परतलेला आवाज काही मिलिसेकंदांत मूळ आवाजात मिसळून तो गढूळ करतो. भिंतीवरचा पातळ फोम वरचे स्वर शोषतो, खर्ज तसाच सोडतो. मग उघड्यावर का जाऊ नये? शाहू महाराजांनी उभारलेल्या खासबागेसारख्या मोकळ्या मैदानात मधोमध उभं राहिलं तर जवळून परतणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे जमीन. वाऱ्यासाठी माइकला केसाळ टोपी घालावी, पहाटेची वेळ धरावी. रहदारीची भीती सतारीला असते, हलगी तिच्या कितीतरी वर बोलते. घुमकं आणि कैताळ सोबत असले तर एकमेकांचे आवाज वेगळे राखायला माइक जवळ घ्यावाच लागतो, तिथे माझा हट्ट नाही.

फोनवरच्या रेकॉर्डिंगची अडचण आणखी वेगळी आहे. त्यातली आपोआप पातळी सावरणारी सोय हळू वाजलेलं वर ओढते, जोराचं दाबते. कुस्ती रंगात येताना चढत जाणारा जोर त्यात सपाट होतो. ती सोय बंद करावी. हलगी शेकून झाल्यावर वादकाला आधी सगळ्यांत जोराचा हात वाजवायला सांगावं, त्यावर पातळी उणे बारा डेसिबलच्या आसपास बांधावी आणि पुन्हा हात लावू नये. कातडं सैल पडलं, तर थांबून पुन्हा शेकावं. उतरलेला नाद मिक्सरवर चढत नाही.