एकाच कार्डाचे भाव अनेक

ग्राफिक्स कार्ड विकत घ्यावयास निघालेला मनुष्य एकाच नावाच्या कार्डाचे भाव निरनिराळ्या ऑनलाइन विक्रेत्यांकडे हजारो रुपयांच्या अंतराने मांडलेले पाहून बुचकळ्यात पडतो.

वास्तविक ते कार्ड पुष्कळदा एकच नसते. एनव्हिडिया किंवा एएमडी चिपचा आराखडा करते, चिप घडते बहुधा तैवानच्या टीएसएमसीच्या कारखान्यात, आणि तिच्याभोवती मेमरी, पंखे व वीजपुरवठ्याची जुळणी करून असूस, एमएसआय, गिगाबाइट आदी कारखानदार आपापले कार्ड सिद्ध करतात. एकाच गिरणीचे सूत घेऊन निरनिराळ्या मागांवर विणलेल्या लुगड्यांचा भाव जसा पोत आणि काठ पाहून ठरतो, तसाच हा प्रकार होय.

हुबेहूब एकाच कार्डाचेही भाव भिन्न असतात, कारण कोणाच्या वखारीतला माल डॉलर स्वस्त असताना आलेला असतो, तर कोणाचा कालपरवाचा. शिवाय मागणीचा कल पाहून किमती आपोआप हलविणारी यंत्रणा मोठ्या पेढ्यांनी बसविलेली असते. मागणीचा हा जोर केवढा असतो! सप्टेंबर 2020 मध्ये 699 डॉलरला जाहीर झालेले आरटीएक्स 3080 हे कार्ड, इथेरियम हे आभासी चलन मिळविण्यासाठी त्यावर झुंबड उडताच, दुय्यम विक्रेत्यांकडे दुपटीहून अधिक भावाने खपले. सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियमने ग्राफिक्स कार्डांवर चलन मिळविण्याची ती पद्धतच सोडली.

फारच स्वस्त भाव दिसल्यास जीएसटीची रीतसर पावती आणि भारतात चालणारी हमी मिळते की नाही, याची खातरजमा वाचकांनी अवश्य करावी.