कोयनेचे पाणी : पूर्वेला किती, पश्चिमेला किती?
(लेखमाला ‘धरणांच्या पोटात’)

मागच्या आठवड्यात आपण 11 डिसेंबर 1967 चा भूकंप आणि त्यानंतर कोयनेच्या भिंतीला दिलेली मजबुती पाहिली. आज भिंतीमागच्या पाण्याकडे वळू. शिवसागर जलाशयाची साठवण 105 टीएमसीहून थोडी अधिक. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, सुमारे 2.83 कोटी घनमीटर. हे पाणी बाहेर पडायला दोन मुख्य वाटा आहेत आणि त्या एकमेकींच्या अगदी उलट दिशेला जातात.

कोयना महाबळेश्वरला उगम पावते, सह्याद्रीला समांतर दक्षिणेकडे वाहते, हेळवाकजवळ पूर्वेकडे वळते आणि कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. ही झाली नदीची स्वतःची वाट. दुसरी वाट माणसाने खोदली. जलाशयाच्या पश्चिमेला काही किलोमीटरवर सह्याद्रीचा कडा एकदम कोकणात उतरतो. डोंगराच्या पोटातून बोगदे काढून पाणी तिकडे नेले, तर ते पावणेपाचशे मीटरच्या आसपास खाली कोसळते. पोफळीचे भूमिगत वीजगृह याच उताराच्या जोरावर 1962 पासून चालू झाले. तिथून निघालेले पाणी कोळकेवाडी धरणात अडवून तिसऱ्या टप्प्यात त्यावर पुन्हा वीज काढतात. मग ते वाशिष्ठीला मिळते आणि चिपळूणवरून अरबी समुद्रात जाते. वीज काढून सोडलेल्या या पाण्याला कोकणात ‘अवजल’ म्हणतात.

आता हिशेब करून पाहा. पश्चिमेला सोडलेल्या एका टीएमसीतून दोन्ही उतारांवर मिळून चार कोटी युनिटांच्या आसपास वीज होते. तेच एक टीएमसी पूर्वेला सोडले तर? धरणाच्या पायथ्याशी 20 मेगावॅटचे दोन संच आहेत. एक संच चालला की 1050 क्युसेक पाणी नदीपात्रात येते. या वेगाने एक टीएमसी सोडायला अकरा दिवस लागतात आणि वीज मिळते पन्नास-पंचावन्न लाख युनिट. वर्तमानपत्रात ‘पायथा वीजगृहातून 2100 क्युसेक विसर्ग’ असे वाचाल, तेव्हा दोन्ही संच चालू आहेत एवढे समजा.

नुसती युनिटे मोजली तर पूर्वेचे पाणी तोट्याचे ठरते, आणि वर्षानुवर्षे वाद याच मापाने घातला गेला. हे माप मला अपुरे वाटते. कराडच्या खाली याच पाण्यावर टेंभू, ताकारी आणि म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचे पंप चालतात. आटपाडी, जत, सांगोला या तालुक्यांत पाऊस पोचता पोचता संपतो. तिथे टँकरची वाट पाहणाऱ्या गावांच्या शिवारात आज द्राक्ष, डाळिंब आणि ऊस उभा आहे. हे पाणी वर चढवायला मात्र वीज लागते, तीही टप्प्याटप्प्याने. म्हणजे पूर्वेकडचे पाणी थोडी वीज देते आणि पुढे बरीच मागते. तरीही एका दुष्काळी तालुक्याला पाणी मिळाले याचे मोल युनिटात बसत नाही.

पश्चिमेच्या पाण्यावर बंधन आहे. कृष्णा पाणीवाटप लवादाने वर्षाला 67.5 टीएमसीची मर्यादा घातली आहे. वर्ष धरायचे ते 1 जून ते 31 मे. मे महिन्यात कोटा संपत आला, की वीजगृहांचा वेग कमी करावा लागतो.

पाणी मोजकेच, म्हणून ते नेमक्या वेळी वापरायला हवे; इथे पश्चिमेकडचाच चौथा टप्पा महत्त्वाचा ठरतो. त्याची क्षमता 1000 मेगावॅट, आणि गरज पडली की संच काही मिनिटांत सुरू होतात. औष्णिक केंद्राला हे जमत नाही. चौथ्या टप्प्याच्या पाण्याची वाट उघडायला जलाशयाच्या तळाखालून बोगदा आणून शेवटी थोडा खडक राखला आणि तो सुरुंगाने उडवला. हे लेक टॅपिंग पहिल्यांदा मार्च 1999 मध्ये आणि दुसऱ्यांदा एप्रिल 2012 मध्ये झाले. दुसऱ्या वेळी खोलवरचे पाणी घेण्याची सोय झाली.

दिवसा आता सौरऊर्जा भरपूर मिळते. टंचाई असते ती सूर्य मावळल्यावर, घराघरांत दिवे लागतात तेव्हा. म्हणून माझे मत असे, की पश्चिमेचा कोटा शक्यतो संध्याकाळच्या त्या चार-पाच तासांसाठीच राखावा आणि उपशाचे पंप जास्तीत जास्त दिवसा, सौर विजेवर चालवावेत. पाऊस कमी झालेल्या वर्षी पश्चिमेचा कोटा आधी कापावा, पूर्वेचे आवर्तन नाही. वीज दुसरीकडूनही आणता येते. आटपाडीच्या विहिरीत पाणी आणायला दुसरी नदी नाही.

या दोन्ही वाटांच्या आधीचे एक देणे मात्र अजून चुकते झालेले नाही. ज्यांची घरे आणि शेते शिवसागराखाली गेली, त्यांतली कित्येक कुटुंबे सहा दशकांनंतरही जमिनीसाठी धरणे धरून बसतात. पर्यायी जमीन, सात-बाऱ्यावर नाव आणि त्या जमिनीला पाणी, एवढेच ती मागतात. राज्याने नवा कोटा ठरवण्याआधी हे देणे फेडावे.

पुढच्या आठवड्यात अवजलाकडे वळू : वाशिष्ठीतून समुद्राला मिळणारे हे पाणी कोकणाच्या शेतीला आणि गावांना कसे देता येईल, ते पाहू. चिपळूण, गुहागर, खेडच्या वाचकांनी आपले अनुभव जरूर कळवावेत.