ग्राफिक्स कार्ड ओव्हरक्लॉक करताय? आधी मॉनिटरकडे बघा

पहिल्या नोकरीच्या पगारातून पैसे साठवून मी गेमिंग पीसी जोडला आणि लगेच ग्राफिक्स कार्ड ओव्हरक्लॉक करायला बसलो. दोन रात्री जागून ११० एफपीएसचे ११७ केले. मग लक्षात आलं, माझा मॉनिटर ६० हर्ट्झचा! सेकंदाला ६० पेक्षा जास्त चित्रं तो दाखवूच शकत नव्हता. तुमचे पैसे आणि झोप वाचावी म्हणून हा लेख.

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे काय?

कार्डावरची चिप ठरावीक वेगाने चालते. उदा. आरटीएक्स ५०८० चा बूस्ट क्लॉक २.६२ गिगाहर्ट्झ आहे, म्हणजे सेकंदाला सुमारे २६२ कोटी ठोके. कंपनीने ठरवलेला हा वेग आपण वाढवला की झालं ओव्हरक्लॉकिंग.

पण फुकट काही मिळत नाही. चिप खात असलेली वीज वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. दोन्ही १० टक्के वाढवले, तर १.१ × १.१ × १.१, म्हणजे साधारण ३३ टक्के जास्त वीज. ती सगळी उष्णता बनून तुमच्याच खोलीत येते. गेम खेळताना मोबाइल तापला की स्वतःच स्लो होतो ना? कार्डही तेच करतं.

करायचंच असेल तर?

एमएसआय आफ्टरबर्नर हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. कोअर क्लॉक एका वेळी १५-२० मेगाहर्ट्झच वाढवा आणि प्रत्येक वेळी अर्धा तास एखादा जड गेम चालवा. स्क्रीनवर विचित्र ठिपके दिसले किंवा गेम बंद पडला, तर दोन पायऱ्या मागे या. मेमरी क्लॉक वाढवताना एफपीएस उलट कमी होत असतील, तर मेमरी चुका दुरुस्त करण्यात वेळ घालवतेय असं समजा.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात मी तर उलटा सल्ला देईन: अंडरव्होल्ट करा. वेग जवळपास तोच ठेवून व्होल्टेज थोडं कमी केलं की कार्ड थंड राहतं आणि पंख्यांचा आवाजही कमी होतो.

कार्ड निवडताना

• रिझोल्यूशन: १०८० पी मध्ये सुमारे २१ लाख पिक्सेल असतात, फोर-के मध्ये ८३ लाख. म्हणजे चौपट काम. १०८० पी मॉनिटरवर हाय-एंड कार्डाची ताकद बहुतेक वेळा पडूनच राहते.

• व्हीरॅम: आरटीएक्स ५०७० मध्ये १२ जीबी, तर ५०७० टीआय आणि आरएक्स ९०७० एक्सटी मध्ये १६ जीबी. ओव्हरक्लॉक करून व्हीरॅम वाढत नाही, त्यामुळे इथे कंजुषी नको.

• कोअर: ५०७० टीआय मध्ये ८,९६० आणि ५०८० मध्ये १०,७५२, म्हणजे २० टक्के जास्त. पाच-सात टक्क्यांच्या ओव्हरक्लॉकने ही दरी भरून निघत नाही.

• पॉवर सप्लाय: ५०८० एकटं ३६० वॅटपर्यंत वीज घेतं, त्यासाठी ८५० वॅटचा सप्लाय सुचवलेला आहे. इथे स्वस्तातला माल घेऊ नका.

शेवटी मी काय केलं? क्लॉक मूळ जागी आणला आणि सहा महिने थांबून १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतला. कार्ड तेच, गेम तोच, पण फरक पहिल्या मिनिटात दिसला. म्हणून खरेदीआधी स्वतःला एकच विचारा: अडतंय नेमकं कुठे?