दोन पाट्या

रात्री साडेआठला शाळेचं कुलूप मीच उघडते. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण किल्ली अजून माझ्याकडे असते आणि गावाला मी अजून 'बाई'च आहे. पहिलीचा वर्ग आम्हाला मिळालाय. भिंतीवर बदक, छत्री, हत्ती. दोरीला टांगलेले कागदी मासे. बाकं आहेत, पण ती सहा वर्षांच्या पोरांची. त्यात गुडघे मावत नाहीत, म्हणून सतरंजी अंथरायची. पावणेनऊच्या सुमारास अंगणात चपला वाजायला लागतात. भाकऱ्या थापून, भांडी घासून, जनावरांना वैरण टाकून बायका पदराला हात पुसत आत येतात. सगळ्या मिळून चौदाजणी. नवऱ्याला जेवायला उशीर झाला, तर त्या दिवशी अकरा.

आमचं गाव सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातलं. त्याचं नाव लिहीत नाही, नाहीतर माझ्या विद्यार्थिनी विचारतील, "बाई, आमच्या अडाणीपणाची दवंडी कशाला पिटली?"

पहिल्या दिवशी मी अक्षर काढून दाखवत नाही. एकेकीला विचारते, "काय वाचायचंय?" साक्षर व्हायचंय असं आजवर एकीनंही सांगितलेलं नाही. एकीला बचत गटाच्या पासबुकावर सचिव काय लिहिते ते बघायचंय. एकीला मोबाईल वाजला की लेकीचा आहे की सावकाराचा, हे उचलायच्या आधी कळायला हवंय. एका आजींना हरिविजय वाचायचाय. आणि पाच-सहाजणींनी एकच सांगितलं, "यष्टीची पाटी."

त्यातली एक मावशी दहिवडीच्या स्टँडवर उभी होती. माहेरी वडील शेवटचे श्वास घेत होते. तिनं शेजारच्या पोराला विचारलं, त्यानं मान न वर करता "हीच" म्हणून सांगितलं, आणि ती उलट्या दिशेच्या गाडीत बसली. माहेरी पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. हे तिनं मला वर्ग सुरू झाल्यावर दोन महिन्यांनी सांगितलं, तेही पाटीवर रेघोट्या मारता मारता.

म्हणून आमचं पहिलं पुस्तक म्हणजे एस.टी.ची पाटी. नीट बघितलं तर आमच्या भागातली गावं जणू कुणी शिकवायच्या क्रमानंच वसवलीत. 'फलटण' घ्या. चार अक्षरं, काना नाही, मात्रा नाही. चार रात्रींत वर्गातल्या प्रत्येकीला फलटण ओळखता येतं. मग 'सातारा', तिन्ही अक्षरांना काना. 'अ' आला की 'आ' वेगळा शिकवावा लागत नाही, सातारा तो शिकवून टाकतो. मग 'बारामती', एक दुसरी वेलांटी. 'दहिवडी'त पहिली आणि दुसरी दोन्ही, एकाच शब्दात, फरक डोळ्यांना दिसावा अशा. 'वडूज' आणि 'अकलूज' यांनी दीर्घ ऊ दिला. 'गोंदवले' आलं की ओकार, अनुस्वार, मात्रा एका दमात. जोडाक्षर शेवटाला, 'म्हसवड'. शाळेत मुलांना मी तीस वर्षं ग-म-भ-न शिकवलं. काना खांबासारखा उभा, बाकी वळणं सोपी, म्हणून हाताला ते बरं. पण पोराला वेळ असतो आणि त्याला कुणी विचारत नाही की ह्याचा उपयोग काय. पंचावन्न वर्षांची बाई 'गगन' शब्द चार वेळा लिहून उठते आणि दुसऱ्या दिवशी येत नाही.

हातांची गोष्ट वेगळी. खुरप्याच्या मुठीला सरावलेला हात पेन्सिल धरतो ती मुठीतच. टोक कागदातून आरपार जातं, नाहीतर मोडतं. पहिल्या आठवड्यात तीन पेन्सिली मोडल्यावर एक आक्का वैतागून म्हणाली, "बाई, ह्ये लई नाजूक हाय, माझ्याच्यानं धरवत न्हाई." तेव्हापासून सुरुवात दगडी पाटीवर खडूनं. खडू जाड, मोडला तरी रडू येत नाही, आणि चुकलं की तळव्यानं पुसता येतं. वहीवरची खाडाखोड दिसते, पाटीवरची दिसत नाही. मोठ्या माणसाला ह्याची किंमत फार.

हिशेबात मात्र शिकवायचं मीच थांबले. बाजारात लसूण विकणाऱ्या एका मावशीला विचारलं, एकशेऐंशी रुपये किलोनं अडीच किलो किती? मी पाटीवर गुणाकार मांडेपर्यंत तिचं झालं होतं. "दोन किलोचं तीनशे साठ, अर्ध्याचं नव्वद. साडेचारशे." हातचा, दशांश, शून्य खाली उतरवणं ह्याची तिला गरजच नव्हती. तोच गुणाकार तिच्याकडून लिहून घ्यायला गेले तर ती भांबावली, आणि जी गोष्ट तिला येत होती तीही येईनाशी झाली. त्या रात्री मी पाटी पुसली. आता आम्ही फक्त आकडे वाचतो आणि लिहितो.

तिथेही मराठीनं आमची अडचण केलीय. सत्तेचाळीस म्हणताना सात आधी ऐकू येतो, चाळीस मागाहून. ऐकलं तसं लिहिलं की झाले 74. फोन नंबर सांगणारा जोड्याजोड्यांनी सांगतो, आणि लिहिणारीचा नंबर तिसऱ्याच कुणाला लागतो. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'चाळीस सात' अशा वाचनाचा पर्याय आला तेव्हा केवढा गदारोळ झाला! विनोद झाले, अग्रलेख झाले. गणितज्ञ मंगलाताई नारळीकर परोपरीनं समजावत होत्या की जुनं वाचन बंद केलेलं नाही, मुलांना सोपं जावं म्हणून ही वाट दिलीय. तेव्हा मीही नाक मुरडलं होतं. आता माझ्या वर्गात रोज रात्री 'चाळीस सात' चालतं, आणि नंबर बरोबर लागतो.

आता माझ्या चुकीचं सांगते. वर्गात एक आजी होत्या, पासष्टीच्या. फळ्यावरचं सगळं ओळखायच्या, पण पुस्तक हातात दिलं की गप्प. मी म्हणायची, "आजी, घरी उजळणी करत नाही तुम्ही." त्या मान खाली घालायच्या. असं तीन आठवडे. एकदा त्यांनी पुस्तक हात लांब करून, पार दिव्याकडे धरलं आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चाळिशी! मराठीत ह्या गोष्टीला वयाचंच नाव आहे, चाळीस उलटली की जवळचं धूसर व्हायला लागतं, मी स्वतः बावीस वर्षं चष्मा लावतेय, आणि पासष्ट वर्षांच्या बाईला मी आळशी ठरवत होते. त्यांना कधी चष्मा लागलाच नव्हता, कारण जवळ धरून बघावं असं त्यांच्या हातात आयुष्यात काही आलंच नव्हतं. सुईत दोरा नात ओवून द्यायची. मी माझा चष्मा काढून त्यांच्या नाकावर ठेवला. त्या पुस्तकाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आगं बया, ह्यात एवढं बारीक लिवलंय व्हय!"

दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे डोळे तपासून आणायचं ठरवलं. चौदापैकी नऊजणींना चष्मा लागला. प्रौढ वर्गातून गळती का होते ह्यावर मी पुष्कळ परिपत्रकं वाचली आहेत. चष्म्याचं नाव त्यांत सापडलं नाही.

रात्रीची शाळा आपल्याकडे नवी नाही. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी 1855 साली पुण्यात कामकऱ्यांसाठी अशी शाळा काढली होती. आमच्या सातारा जिल्ह्यानं 1959 मध्ये ग्रामशिक्षण मोहीम सुरू केली आणि मग ती राज्यभर गेली. माझे आजोबा त्यात शिकले. कंदिलाभोवती बसून गावच्याच मास्तरांकडे शिकायचं, आणि सगळं गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ. त्या समारंभात आजोबांनी फळ्यावर नाव लिहिलं, ते आमच्या घरात पुढं कितीतरी वर्षं सांगितलं जायचं. पुढे 2 ऑक्टोबर 1978 ला राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम आला, 1988 मध्ये राष्ट्रीय साक्षरता मिशन. 1990 मध्ये केरळचा एर्नाकुलम जिल्हा संपूर्ण साक्षर म्हणून जाहीर झाला आणि मग जिल्ह्याजिल्ह्यात अभियानं निघाली. मी तेव्हा नोकरीला नवी. कलापथकं, मशाली, भिंतींवर घोषणा. तीन पुस्तिका, साधारण दोनशे तासांचा अभ्यास. रोज एक तास, आठवड्याचे पाच दिवस धरले तर चाळीस आठवडे. पेरणी, सुगी, वारी, लग्नसराई वजा जाता शेतकरी बाईकडे सलग चाळीस आठवडे कुठून असणार? पण आकडे वेळेत पूर्ण झाले.

कसे झाले, तेही सांगते. सही शिकवून. सही म्हणजे चित्र. रांगोळीसारखं ते पाठ होतं. 'सखुबाई' झोकात काढणाऱ्या बाईला मी 'सण'मधला स दाखवला तर ओळखता येत नव्हता. अंगठा गेला, वाचणं आलं नाही. त्या काळात मीच ज्यांच्या नावापुढे 'साक्षर' लिहिलं, त्यांतल्या दोघीजणी आज माझ्या ह्या वर्गात पुन्हा पहिल्यापासून शिकताहेत. एकीकडे तर प्रमाणपत्रही आहे, ट्रंकेत, साडीच्या घडीत जपलेलं. त्यावरचं तिला वाचता येत नाही.

हे लिहिताना मला लाज वाटते, पण दोष सगळा माझा नाही. शिकल्यावर वाचायला गावात होतं काय? पुस्तिका संपली, अभियान संपलं, कंदील परत घेऊन गेले. जिथं धड्याचा जगण्याशी संबंध लागला तिथं भलतंच घडलं. आंध्रातल्या नेल्लोर जिल्ह्यात, दुबगुंटा गावाच्या बायकांनी साक्षरता वर्गात दारूवरचा धडा वाचला आणि उठून गावातलं अरकाचं दुकान बंद पाडलं. चळवळ राज्यभर पेटली आणि 1 ऑक्टोबर 1993 पासून सरकारला अरकावर बंदी घालावी लागली. धडा लिहिणाऱ्यानंही एवढं मनात आणलं नसेल. आपल्या मुरबाड तालुक्यात, फांगण्याला, 8 मार्च 2016 ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर पाठीला लावून आज्या जातात. फोटो सगळ्यांनी पाहिलेत. मला त्यातलं आवडतं ते निराळंच. शाळा दुपारी भरते, आज्यांना मोकळा वेळ असतो तेव्हा. आणि मुळात इच्छा होती ती पोथी वाचायची.

सध्या सरकारचा 'उल्लास' कार्यक्रम चालू आहे, 2022 ते 2027 असा. पंधरा वर्षांवरचं कुणीही शिकू शकतं, शाळा हे त्याचं केंद्र, आणि शिकवणारे बिनपगारी स्वयंसेवक, म्हणजे मी. निरक्षर शब्द गेला, आता 'असाक्षर' म्हणायचं. बायकांना दोन्ही सारखेच. असाक्षर शोधायच्या सर्वेक्षणाला शिक्षक संघटनांनी विरोध केला तेव्हा लोकांनी नावं ठेवली, पण जनगणना, मतदार यादी, खिचडी ह्यांच्यानंतर आणखी एक यादी डोक्यावर आल्यावर माणूस दुसरं काय करणार? शेवटी परीक्षा असते, दीडशे गुणांची. वाचन, लेखन, संख्याज्ञान, प्रत्येकी पन्नास. मार्च 2024 मध्ये ती राज्यात पहिल्यांदा झाली. सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत आपल्या सवडीनं यायचं, ही सोय उत्तम. आमच्या आज्या नवी साडी नेसून गेल्या. नात बाहेर थांबलेली आणि आजी आत पेपर देतेय, हे मी नोकरीत कधी पाहिलं नव्हतं.

पण परीक्षा झाली की वर्ग बंद करायचा, ही जी रीत पडू पाहतेय ती मला पटत नाही. म्हणून मी किल्ली परत केलेली नाही. आता आम्ही औषधांच्या पट्ट्यांवरची तारीख वाचतो, वीजबिल वाचतो, गटाचं पासबुक वाचतो. गेल्या महिन्यात पासबुकात एका हप्त्याची नोंद राहिल्याचं एकीनं स्वतः दाखवलं. सचिव जरा रागावली, पण नोंद झाली.

पुरुष का येत नाहीत, असं लोक विचारतात. येतात, पण आत नाही. एक काका रोज बायकोला बॅटरी दाखवायला म्हणून येतात आणि तासभर पायरीवर बसतात. खिडकी उघडी असते. परवा त्यांनी बाहेरूनच बायकोला सुधारलं, "अगं, ती दुसरी वेलांटी हाय." वर्ग हसला. मी हसले नाही. खिडकी उघडी ठेवायची, एवढंच माझ्या हातात आहे.

तुमच्या गावात असा वर्ग काढायचा असेल तर खर्च फारसा नाही. शाळेची किल्ली, एक दिवा, डझनभर पाट्या. वेळ मात्र तुम्ही ठरवू नका, त्यांना विचारा. आणि पहिल्या पुस्तकाआधी डोळे तपासून घ्या.

आमचं सध्या 'म्हसवड' चालू आहे. म आणि ह ची जोडी अजून चौघींना जमलेली नाही. सिद्धनाथाची रथयात्रा मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला, त्याच्या आत जमवायचं ठरलंय, कारण त्या दिवशी सगळ्या त्याच गाडीनं जाणार आहेत. त्या आठवड्यात वर्ग बंद राहील.